गाडीचे ब्रेक आणि स्टीअरिंग आवाज करतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की आणि गणपतीला गावी निघायचे दिवस जवळ आले की हे प्रश्न हमखास येतात. उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: आवाज कसा आहे यापेक्षा तो नेमका कधी येतो, यावरून दोष लवकर सापडतो. ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर, सरळ जाताना की वळताना, गाडी थंड असताना की तासभर चालल्यावर, हे सांगता आलं की मेकॅनिकचं अर्धं काम झालेलं असतं. खालची माहिती पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना धरून आहे. स्विफ्ट, वॅगन आर, टियागो अशा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या यात येतात.

कोणता आवाज आला तर गाडी पुढे न्यायचीच नाही?

ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर ऐकू आली आणि ती प्रत्येक वेळी येत राहिली, तर ब्रेक पॅडचं, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पट्ट्यांचं, अस्तर संपलं आहे आणि मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासते आहे. अशी गाडी थांबायला जास्त अंतर घेते. ‘घरापर्यंत नेतो आणि उद्या दाखवतो’ असं करू नका.

ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल किंवा मऊ लागत असेल, तर आवाज असो वा नसो, गाडी उभी करा. स्टीअरिंग थोडं फिरवल्यावर चाक लगेच वळत नसेल आणि सोबत ‘ठक्’ होत असेल, तरीही तेच. नुकतंच चाक बदललं असेल आणि हळू वेगात चाकाच्या फेऱ्यांबरोबर ‘धब धब’ ऐकू येत असेल, तर आधी बाजूला घेऊन नट तपासा. सैल नटांमुळे चाक निखळू शकतं. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

आवाज कुठून येतोय ते घरच्या घरी कसं ओळखायचं?

आधी गाडी रिकामी करा. दारातल्या पाण्याच्या बाटल्या, डिकीतला जॅक, पाना, सैल बसलेली स्टेपनी हे सगळं खड्ड्यांतून वाजतं आणि सस्पेन्शनचा दोष वाटतो. मग गाणी आणि एसीचा पंखा बंद करून, काचा खाली घेऊन, रिकाम्या रस्त्यावर एखाद्या लांब कंपाउंड वॉलच्या कडेने हळू गाडी चालवा. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, त्यामुळे डावीकडचा की उजवीकडचा हे चटकन कळतं. भिंत एकदा डाव्या हाताला ठेवा, एकदा उजव्या.

त्यानंतर एकेक गोष्ट वेगळी करून बघा. ३० च्या वेगात ब्रेकला पाय न लावता ऐका, मग हलका ब्रेक लावा, मग जरा जोरात. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण डावीकडे वळवून गोल फिरा, नंतर उजवीकडे. स्पीडब्रेकरवर एका वेळी एकच चाक चढेल अशी तिरकी गाडी घ्या. शेवटी गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. शेजारच्या सीटवर कुणाला बसवून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा. गॅरेजमध्ये नेमका त्या दिवशी आवाज येत नाही, तेव्हा हे रेकॉर्डिंग फार कामी येतं.

सकाळी पहिला ब्रेक दाबला की खरखर होते, मग थांबते. काळजीचं आहे का?

नाही. डिस्क बीडाची असते. रात्रभर पाऊस पडला किंवा गाडी धुऊन तशीच उभी केली की तिच्यावर गंजाचा पातळ थर येतो आणि पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो निघून जातो. कोकणात खाऱ्या हवेत हे जास्त होतं. मात्र गाडी महिना-दोन महिने उभी असेल तर गंज खोलवर जाऊन डिस्कला खड्डे पडतात. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवूनही खरखर राहिली तर चाक काढून बघायलाच हवं.

ब्रेक दाबला की बारीक ‘चीं’ असा आवाज येतो. पॅड संपले असतील का?

शक्यता आहे, पण हा एकच अर्थ नाही.

बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. अस्तर झिजून दोन-तीन मिलिमीटर उरलं की ही जीभ डिस्कला टेकते आणि मुद्दाम कर्कश आवाज करते. नव्या पॅडचं अस्तर साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे हा इशारा मिळतो तेव्हा थोडं अंतर हाताशी असतं, पण ते आठवडाभरात पॅड बदलण्यापुरतं. हा आवाज कधी ब्रेक दाबल्यावर येतो, तर कधी गाडी नुसती चालत असताना येतो आणि ब्रेक दाबला की गप्प होतो. हा दुसरा प्रकार लोकांना फसवतो: ब्रेक दाबल्यावर आवाज थांबतो म्हणजे ब्रेक ठीक आहेत, असा समज होतो. सगळ्या पॅडना ही जीभ नसते, त्यामुळे आवाज नाही म्हणजे पॅड शिल्लक आहेत, असंही धरून चालू नका.

अलॉय चाकाच्या फटीतून पॅड दिसतो, पण तो बाहेरचा. आतल्या बाजूचा पॅड बऱ्याचदा आधी झिजतो आणि तो चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही. सर्व्हिसिंगला गाडी दिलीत तर ‘चारही पॅड किती मिलिमीटर उरलेत?’ असंच विचारा.

पॅड जाड असूनही चीं येते ती पॅड आणि डिस्क यांच्या कंपनामुळे. सिग्नलला अगदी थांबता थांबता, हलक्या ब्रेकला हा आवाज जास्त येतो. पॅडच्या पाठीवरची पातळ पट्टी, म्हणजे शिम, हरवली असेल, स्प्रिंगच्या क्लिपा सैल असतील किंवा अस्तर तापून काचेसारखं गुळगुळीत झालं असेल, तरी चीं येते. गाडी नीट थांबत असेल तर यात लगेच धोका नाही.

नवे पॅड टाकले तरी आवाज जात नाही. मेकॅनिक म्हणतो ‘घासून देतो’. द्यावं का?

नवे पॅड डिस्कवर बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर लागतात. या काळात पॅनिक ब्रेकिंग शक्यतो टाळा. ५०-६० वरून २० पर्यंत हळूहळू वेग कमी करायचा, मधे गार व्हायला वेळ द्यायचा, असं काही वेळा केलं की बहुतेक आवाज बसतो.

पॉलिश पेपरने पॅड घासले की गुळगुळीत थर निघतो आणि आवाज काही दिवस जातो. मूळ कारण तसंच राहिलं तर तो परत येतो. खरं काम कॅलिपरचं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचं, असतं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बाहेर काढून साफ करायच्या, त्यांना ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावायचं, रबरी टोप्या फाटल्या असतील तर बदलायच्या, क्लिपा नव्या घालायच्या. पिन अडकली की एकच पॅड झिजतो, चाक तापतं आणि ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. पॅड बदलताना या पिनांना हात लावला नसेल, तर काम अर्धवट झालं आहे असं माझं ठाम मत आहे.

पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकत्र बदलायचे. ब्रेकवर गंज काढायचा किंवा वंगणाचा कुठलाही स्प्रे मारू नका. अस्तराने तेल शोषलं की तो पॅड टाकूनच द्यावा लागतो.

८० च्या वेगात ब्रेक लावला की स्टीअरिंग थरथरतं. डिस्क वाकली का?

वाकण्यापेक्षा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी न राहणं हे कारण जास्त वेळा आढळतं. पॅडचं अस्तर एका जागी चिकटतं, किंवा चाकाचे नट कमी-जास्त आवळल्याने डिस्क किंचित तिरकी बसून एकाच ठिकाणी घासत राहते. ब्रेक न लावताही ठरावीक वेगात थरथर होत असेल, तर डिस्क सोडून आधी व्हील बॅलन्सिंग बघा.

डिस्क लेथवर फिरवून सपाट करता येते, पण तिला किमान जाडीची मर्यादा असते आणि बहुतेक डिस्कवर ती कोरलेली असते. त्याखाली गेली तर नवी जोडी घ्यावी लागते.

ब्रेक दाबलाच नाही, तरी चाकातून एकसारखी करकर येते. का?

कच्च्या रस्त्यावरून आला असाल तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यामध्ये बारीक खडी अडकली असेल. आवाज ऐकून माणूस घाबरतो, पण गाडी थोडी मागे-पुढे घेतली की खडी बरेचदा पडून जाते. नाही पडली तर चाक काढून तो पत्रा हाताने किंचित बाहेर वाकवतात, पाच मिनिटांचं काम असतं.

दुसरं कारण जपण्यासारखं आहे. कॅलिपर अडकून पॅड डिस्कला सतत टेकलेला असू शकतो. दहा-बारा किलोमीटर चालवून थांबा आणि चाकांजवळ हात न टेकवता नुसता न्या. एका चाकाची धग इतरांपेक्षा स्पष्ट जास्त लागली किंवा जळका वास आला, तर अडकलेलं चाक तेच.

पावसात गाडी दोन-तीन दिवस उभी होती. निघताना मागून ‘टक्’ आवाज आला.

हँडब्रेक ओढून ठेवला होता आणि ओल्या ड्रमला आतले ब्रेक शू (ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तराच्या पट्ट्या) चिकटले, ते सुटताना आवाज झाला. एकदा होऊन थांबला तर विसरून जा. गाडी जागची हलतच नसेल तर रेस वाढवून ओढू नका, शूचं अस्तर उपटून निघतं. पुढे-मागे हलकं हलवून बघा, नाहीतर मेकॅनिकला बोलवा. पावसाळ्यात सपाट जागी गाडी जास्त दिवस उभी करायची असेल तर पहिला गिअर टाका, चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा.

घाट उतरताना ब्रेकमधून आवाज आणि वास येऊ लागला. काय करायचं?

ही तक्रार कुंभार्ली, आंबा, फोंडा या घाटांनी कोकणात उतरणाऱ्यांकडून सर्वांत जास्त येते, आणि यात जिवाचा प्रश्न असल्याने जरा सविस्तर लिहितो.

पाच माणसं, डिकी भरलेली, टपावर सामान, आणि ड्रायव्हरचा पाय सतत ब्रेकवर. पॅड आणि डिस्क इतके तापतात की अस्तराची पकड कमी होते. आधी वास येतो, मग घरघर, मग नेहमीइतकं दाबूनही गाडी थांबत नाही. याच वेळी ब्रेक ऑइल उकळू शकतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. म्हणूनच साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं असतं. हे काम सर्व्हिसिंगमध्ये सर्रास राहून जातं, कारण ऑइल भरलेलं दिसतं आणि ‘लेव्हल ओके’ अशी टिकमार्क होते.

घाटात वास आला की पेडल अजून चालतंय तोवर खालचा गिअर टाका आणि सुरक्षित जागा बघून थांबा. बॉनेट उघडून काही होत नाही, अर्धा तास गार होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, तापलेल्या बीडाला तडा जाऊ शकतो. थांबल्यावर थोडा वेळ येणारी बारीक टिकटिक ही धातू आकसल्याची असते, तिची भीती नाही.

जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. हा नियम आजही तंतोतंत लागू आहे. ब्रेक सतत टेकवून ठेवण्यापेक्षा थोडा जोरात लावून वेग उतरवा आणि पाय काढून घ्या. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून घाट उतरणारे अजूनही दिसतात, त्यांना कळकळीने सांगणं आहे: इंजिन बंद झालं की पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच ताकद उरते, पॉवर स्टीअरिंग जातं आणि किल्ली चुकून मागे फिरली तर स्टीअरिंग लॉक होऊ शकतं.

जोरात ब्रेक लावल्यावर पेडल पायाखाली धडधडलं आणि ‘गर्रर्र’ आवाज आला.

ते एबीएसचं काम आहे. चाक घसरू नये म्हणून ही यंत्रणा एका सेकंदात अनेकदा ब्रेक पकडते आणि सोडते. घाबरून पाय उचलू नका, दाबून धरा आणि स्टीअरिंग वळवा. गाडी सुरू करून थोडं पुढे गेल्यावर एकदाच ‘टक्-घूं’ झालं तर ती एबीएसची स्वतःची तपासणी. कोरड्या रस्त्यावर हळू थांबतानाही पेडल धडधडत असेल, तर चाकाजवळचा सेन्सर खराब किंवा मळलेला आहे.

पेडल दाबताना ‘फुस्स’ होतं.

हलकं फुस्स सगळ्याच बूस्टरमधून येतं. आवाज मोठा असेल आणि पेडल कडक झालं असेल तर बूस्टर गळतो आहे. तपासायची सोपी पद्धत अशी: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर लगेच दाखवा.

स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की ‘कट-कट-कट’ येतं.

एक्सलचा बाहेरचा जॉइंट, ज्याला गॅरेजमध्ये सीव्ही जॉइंट म्हणतात, तो झिजला आहे. चाकामागे वाकून बघा. रबरी घडीचा बूट फाटलेला आणि आजूबाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल. बूट फाटला पण आवाज सुरू झाला नसेल तर फक्त बूट आणि ग्रीस बदलून भागतं. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी गाडी रॅम्पवर असताना चारही बूट बघून घ्या. ग्रीस निघून जाऊन धूळ आत गेली की पूर्ण जॉइंट किंवा एक्सल बदलावा लागतो.

गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की ‘टण्ण’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो.

पुढच्या शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग घट्ट झालं आहे. चाक वळतं पण स्प्रिंग सोबत फिरत नाही, ती पीळ खाते आणि एकदम सुटते. बॉनेट उघडून शॉकअपच्या वरच्या टोकाशी हलका हात ठेवा आणि दुसऱ्याला स्टीअरिंग फिरवू द्या. झटका हाताला जाणवतो.

खराब रस्त्यावर पुढून ‘ठक ठक’ येतं. अलाइनमेंट केली तरी गेलं नाही.

अलाइनमेंटने आवाज जात नाही. उलट सैल पार्ट तसेच ठेवून केलेली अलाइनमेंट टिकतही नाही. आधी पार्ट, मग अलाइनमेंट.

आपल्या रस्त्यांवर सर्वांत आधी जाते ती लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनला अँटी-रोल बारशी जोडणारी छोटी दांडी. बारीक खड्ड्यांवर, विशेषतः डावं-उजवं चाक आळीपाळीने उचललं गेलं की ती खडखडते. पार्ट स्वस्त आणि बदलायला सोपा आहे, म्हणून तपासणी इथून सुरू करावी. मोठ्या खड्ड्यात किंवा ब्रेक लावताना-सोडताना एकच जड ‘धप्’ आली तर लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचे, रबरी बुश बघा. स्पीडब्रेकर उतरताना ठक् होऊन गाडी डोलत राहिली तर शॉकअप गळतोय का ते बघा.

बॉल जॉइंट आणि टायरॉड एंड या चाकाला सस्पेन्शनशी आणि स्टीअरिंगशी जोडणाऱ्या सांध्यांबाबत वाट बघू नका, कारण ते तुटले तर चाक हाताबाहेर जातं. जॅक आणि स्टँडवर गाडी उचललेली असताना मेकॅनिक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी चाक धरून हलवतो. तिथे खेळ, म्हणजे सैलपणा, असेल तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. तीन आणि नऊच्या जागी खेळ असेल तर टायरॉड एंड किंवा रॅक, म्हणजे स्टीअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा दांडा. ही तपासणी तुमच्यासमोर करायला सांगा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मात्र कुणालाही जाऊ देऊ नका.

स्टीअरिंग व्हीलमध्येच हाताला टकटक जाणवत असेल, तर स्टीअरिंग कॉलमचा खालचा जॉइंट किंवा रॅकचा बुश झिजलेला असतो.

स्टीअरिंग वळवताना ‘घूं’ असा आवाज येतो.

पंप आणि ऑइलवर चालणारं जुन्या पद्धतीचं पॉवर स्टीअरिंग असेल तर ऑइल कमी झालं आहे किंवा त्यात हवा शिरली आहे. नुसतं भरून सोडू नका, गळती शोधा. सकाळी किंवा पावसात पूर्ण वळवल्यावर किंचाळी आली तर बेल्ट सैल आहे. स्टीअरिंग शेवटच्या टोकाला काही सेकंदांहून जास्त दाबून धरू नका, पंपावर ताण येतो.

हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटरचं स्टीअरिंग असतं, त्यात ऑइल नसतंच. उभ्या गाडीत मोटरची हलकी गुणगुण नेहमीची आहे. ‘स्टीअरिंग ऑइल बदलायला झालंय’ असं अशा गाडीबद्दल कुणी सांगितलं, तर तिथून निघा. व्हीलच्या आतून खसखस येत असेल आणि एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर आतली वायरची गुंडाळी खराब आहे. तिथे एअरबॅग असते, स्वतः उघडू नका.

वेगाबरोबर वाढणारी घरघर टायरची की बेअरिंगची?

टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो: सिमेंटवर एक, डांबरावर दुसरा. बेअरिंगचा तसाच राहतो. ६० च्या आसपास रिकाम्या रस्त्यावर हलकं डावं वळण घ्या. वजन उजव्या चाकांवर येतं, आवाज वाढला तर उजवं बेअरिंग. उजवीकडे वळताना वाढला तर डावं.

साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, आता ब्रेक लागत नाही आणि खरखरतो.

पाण्याबाहेर आल्यावर हळू वेगात ब्रेक हलके दाबत शंभर-दोनशे मीटर जा, घर्षणाने ते सुकतात. ड्रममध्ये गाळ शिरला असेल तर खरखर राहते, तेव्हा ड्रम उघडून साफ करून घ्या. साफ करताना फुंकर किंवा हवेचा पाइप वापरू देऊ नका, ब्रेकची धूळ फुप्फुसांना वाईट.

इलेक्ट्रिक गाडीत ब्रेक कमी वापरला जातो, तरी आवाज का?

कमी वापरला जातो म्हणूनच. मोटरच गाडी मंद करते, त्यामुळे डिस्कवरचा गंज घासून निघत नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी मागे कुणी नाही हे बघून रिजनरेशन, म्हणजे मोटरने गाडी मंद करणं, कमी करा आणि पेडलने दोन-तीनदा नीट ब्रेक लावा.

गॅरेजमध्ये फसगत होऊ नये म्हणून काय विचारायचं?

मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज येतो तिथे घेऊन जा. चालवून न बघता पार्टची यादी देणाऱ्याकडे गाडी सोडू नका. सैल पार्ट हाताने हलवून दाखवायला सांगा, काढलेला जुना पार्ट परत मागा. एका वेळी एकच संशयित पार्ट बदलून चालवून बघितलं तर आवाज कशाने गेला हे कळतं. ब्रेक, बॉल जॉइंट आणि टायरॉड एंडसाठी ओरिजिनल किंवा नावाजलेल्या कंपनीचाच माल घ्या. काम झाल्यावर पेडल दोन-तीनदा दाबून कडक झालंय याची खात्री केल्याशिवाय गाडी गिअरमध्ये टाकू नका, कारण पॅड बदलताना कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकललेला असतो आणि पहिला ब्रेक रिकामा जातो. चाकांचे नट पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्या.